सागरी संशोधन केंद्रासाठी देणग्या: इमारतीला मिळतात, पेट्रोलला कशा मिळवायच्या?

कोकणात किनाऱ्यालगत जागा मिळते, दोन खोल्या उभ्या राहतात, दारावर देणगीदाराच्या आईवडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी लागते. तिसऱ्या वर्षी तिथे जाऊन बघा. होडी झापांखाली शाकारलेली असते ती ऑक्टोबर उलटला तरी तशीच. डीप फ्रीजरची कॉइल गंजलेली, मोजमापांच्या वहीतली शेवटची नोंद आठ महिन्यांपूर्वीची. पाटी मात्र चकचकीत असते.

केंद्रं पैशाअभावी बंद पडतात हे खरं, पण कुठल्या पैशाअभावी ते नीट पाहायला हवं. भिंतींना, यंत्रांना, उद्घाटनाला पैसे मिळतात. मिळत नाहीत ते पेट्रोलला, तांडेलाच्या (होडी हाकणाऱ्याच्या) मजुरीला आणि रोज सकाळी बादलीभर पाणी काढून तापमान लिहिणाऱ्या माणसाच्या पगाराला. समुद्राच्या संशोधनात तर जीव त्या रोजच्या नोंदीतच असतो. त्याच जागी, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षं घेतलेली मोजमापं नसतील तर 'पूर्वी इथे बांगडा जास्त मिळायचा' या गप्पांपलीकडे काही हाती लागत नाही. म्हणून या लेखाचा सगळा भर चालू खर्चाच्या पैशावर आहे.

रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रासारखी (स्थापना १९५८, आता कोकण कृषी विद्यापीठाकडे) किंवा दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारखी सरकारी पाठबळाची केंद्रं इथे अभिप्रेत नाहीत. हा लेख न्यास किंवा संस्था चालवत असलेल्या, दोन-चार माणसांच्या छोट्या केंद्रांसाठी आहे.

आधी स्वतःचा हिशेब

देणगी मागण्याआधी एक आकडा तोंडपाठ हवा: केंद्र वर्षभर चालवायला किती लागतं. खालचे दर नमुन्याचे आहेत, त्या जागी तुमच्या गावचे घाला.

होडीच्या एका फेरीपासून सुरुवात करू. फायबरची छोटी होडी, ९.९ अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन, चार तासांची फेरी. त्यातले अडीच तास इंजिन चालतं, बाकी वेळ जाळी टाकणं आणि पाणी भरणं. ताशी चार लिटर धरले तर १० लिटर पेट्रोल, ₹१०५ दराने ₹१,०५०. तांडेल ₹१,२००, खलाशी ₹८००. बर्फ, बाटल्या, फॉर्मालिन, अल्कोहोल ₹४५०. इंजिनाची झीज आणि सर्व्हिसिंग ₹५००. एकूण ₹४,०००. ऑक्टोबर ते मे आठ महिने, महिन्याला चार फेऱ्या, म्हणजे ३२ फेऱ्या आणि ₹१,२८,०००.

आता बाकीचं. संशोधकाचा पगार दरमहा ₹३०,००० म्हणजे वर्षाला ₹३,६०,०००. गावातला मदतनीस ₹१५,००० प्रमाणे ₹१,८०,०००. भाडं, वीज, इंटरनेट ₹१,२०,०००. लेखापरीक्षण आणि विमा ₹६०,०००. देणगीदारांचा पत्रव्यवहार, पावत्या, भेटी ₹३२,०००. शिवाय बहुतेक अंदाजपत्रकांतून गळालेली एक ओळ, तिला 'खारा निधी' म्हणा. किनाऱ्यावर यंत्रं पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेतल्याइतकी टिकत नाहीत. खारी हवा जोडण्यांत, स्विचात, मोटारीत शिरते. ₹८ लाखांची यंत्रं असतील तर दरसाल १५ टक्के, म्हणजे ₹१,२०,००० बाजूला पडलेच पाहिजेत. बेरीज बरोबर ₹१०,००,०००.

आता नेहमीची चूक. संस्था पत्रक काढते: 'एका सागरी फेरीचा खर्च फक्त ₹४,०००, आपण उचलाल का?' आवाहन छान आहे, लोक देतातही. पण सगळ्या ३२ फेऱ्या प्रायोजित झाल्या तरी हाती आले ₹१,२८,०००, दहा लाखांतले आठ लाख बहात्तर हजार अजून उघडेच. देणगीदाराला वाटतं, आपण काम उचललं. तुम्हाला मात्र ठाऊक असतं की पगाराचं अजून काहीच झालेलं नाही. एका फेरीची खरी किंमत १० लाख भागिले ३२, म्हणजे ₹३१,२५० आहे, कारण फेरी मारणारा माणूस, नमुने तपासणारी खोली आणि फ्रीजरची वीज यांच्याशिवाय ती फेरी होतच नाही. फेरीच विकायची तर या किमतीला विका आणि पत्रात फोड द्या. होडी लहान आणि पगार मोठा दिसला तर लाजू नका.

दिवस द्या, वस्तू नको

त्याहून चांगला मार्ग आपल्याकडे आधीपासून आहे. देवस्थानं आणि आश्रम अन्नदानाच्या तिथी घेतात. वडिलांच्या श्राद्धाची, नातवाच्या वाढदिवसाची तिथी धरून त्या दिवसाचा खर्च यजमान उचलतो. भाताचे किती आणि आचाऱ्याचे किती, हे कोणी विचारत नाही. दिवस चालला पाहिजे, एवढंच.

दहा लाख भागिले ३६५ म्हणजे ₹२,७४०. आपल्या रीतीने ₹२,७५१ करा. हा आकडा केंद्राच्या एका दिवसाचा: त्यात पेट्रोल, पगार, वीज, लेखापरीक्षकाची फी, सगळं आलं. मुख्य म्हणजे हा पैसा कशाला वापरायचा यावर अट नाही. ज्या महिन्यात होडी नाही त्या महिन्यातही तो चालतो.

पहिल्या वर्षी ३६५ दिवस भरत नाहीत. १२० धरा, ₹३,३०,१२० होतात. ते उभे करायला साधारण ४०० जणांशी बोलावं लागेल अशा तयारीने बसा. नुसता मजकूर सगळ्यांना एकदम पाठवून दिवस भरत नाहीत. त्याला फोन लागतो.

बदल्यात द्यायचं काय, तर त्या दिवसाच्या नोंदवहीचं पान. यासाठी एक शिस्त आधी बसवा: होडी जावो न जावो, रोज ठरल्या वेळी, जेटीवरच्या ठरल्या जागेवरून बादलीभर पाणी काढायचं, तापमान आणि क्षारता (पाण्याच्या हजार भागांत क्षार किती) लिहायची, आकाश, वारा, लाटा यांची एक ओळ. बादली, दोरी, तापमापक आणि क्षारता दाखवणारा, हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर एवढ्यात काम होतं. देणगीदाराला संध्याकाळी फोनवर पानाचा फोटो जातो, साधारण असा:

'१९ जानेवारी, सकाळी ७.३०. पाणी २६.५ अंश. क्षारता ३५. वारा ईशान्येचा, हलका. आकाश निरभ्र. आजचा दिवस: कै. आईच्या स्मरणार्थ.'

नोंद हाताने लिहिलेली, शाईची असू द्या, टाइप करू नका. १२ जुलैचा दिवस घेतलेल्या माणसाला 'होडी बंद, जोराचा पाऊस, खाडीच्या तोंडाशी क्षारता ८' अशी ओळ गेली तर तो ती चार जणांना दाखवतो. पावसाळ्यात खाडीतला हा आकडा किती खाली येतो, याचा किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या माणसाला अंदाजच नसतो. फक्त एक सांभाळा. त्या दिवशी नोंद चुकली तर 'नोंद झाली नाही' असंच कळवा आणि दुसऱ्या दिवसाची द्या. आकडा मागाहून भरला तर देणगीदाराच्या कधीच लक्षात येणार नाही, पण तुमची मालिका नासली.

कागदपत्रं: कुठे अडतं

न्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला असतो. पहिला अडथळा तिथेच येतो. धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट-१ वर (न्यासाच्या नोंदीच्या उताऱ्यावर) अजून जुन्या, कधी कधी दिवंगत विश्वस्तांची नावं असतात. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहिला की बँक खात्याच्या सह्या अडतात आणि कंपनीचा माणूस पहिल्याच तपासणीत फाइल मिटतो. मागणीपत्र लिहायच्या आधी ही नोंद ताज्या नावांची करून घ्या.

मग आयकराची १२एबी नोंदणी (न्यासाच्या उत्पन्नाला करसूट) आणि ८०जी मान्यता (देणगीदाराला वजावट). नव्या न्यासाला दोन्ही आधी तात्पुरत्या, तीन वर्षांसाठी मिळतात. नंतर नियमित करून घ्यायच्या. मुदत संपल्याचं कळतं ते बहुधा एखादा देणगीदार क्रमांक तपासतो तेव्हा. आयकर अधिनियम २०२५ हा १ एप्रिल २०२६पासून लागू झाल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. लोक 'एटीजी'च म्हणत राहतील, पण पावतीवर काय छापायचं ते सनदी लेखापालाकडून पक्कं करून घ्या. इथे सवयीचे जुने क्रमांक वापरले आहेत.

देणगीदारांच्या मनात ८०जीबद्दल एक घट्ट गैरसमज असतो: 'निम्मे पैसे परत मिळतात.' मिळत नाहीत. ₹१०,००० दिले तर त्यातले ₹५,००० उत्पन्नातून वजा होतात. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा उपकरासह ₹१,५६० कर वाचतो. वजावटीसाठी धरल्या जाणाऱ्या देणगीलाही समायोजित उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. ₹२,०००पेक्षा जास्त रोख देणगीवर आणि वस्तुरूप देणगीवर वजावट नाही. नव्या करप्रणालीत तर ती मुळीच नाही, आणि आज पगारदारांना आपोआप लागू होते ती नवीच. त्यामुळे '८०जी सवलत' हा पत्राचा मथळा करू नका, तळाशी एक ओळ पुरे.

प्रत्येक देणगीदाराचं पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन पैसे येतात त्याच दिवशी घ्या. वर्षाचं १०बीडी विवरण ३१ मेपर्यंत भरायचं आणि त्यातून निघणारं १०बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचं असा नियम चालत आला आहे. उशिराला दिवसाला ₹२०० शुल्क. पॅनचा एक अक्षर-आकडा चुकला की देणगीदाराची वजावट अडकते, आणि जुलैमध्ये त्याचा जो फोन येतो त्यानंतर तो पुढच्या वर्षी देत नाही.

आपल्याकडे गुप्तदानाची परंपरा आहे, माहिती-कक्षात पेटीही असते. पेटी ठेवा, पण तिची बेरीज पाहत चला. निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा ₹१ लाख, यांत जे जास्त त्यापलीकडे गेल्या की वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. धार्मिक संस्थांना मिळणारी सूट संशोधन केंद्राला नाही.

आणखी एक: 'कायम निधीसाठी' आलेली देणगी तशी धरायची तर देणगीदाराचं तसं लेखी पत्र हवं. ते नसेल तर ती त्या वर्षाचं उत्पन्न ठरते आणि उत्पन्नाच्या ८५ टक्के खर्चाच्या नियमात सापडते. २८ मार्चला आलेले पाच लाख तीन दिवसांत खर्च करता येत नाहीत. पैसे पुढे न्यायचा अर्ज वेळेत करावा लागतो. लेखापालाला मार्चमध्येच सांगा, सप्टेंबरमध्ये नको.

कोणाकडे जायचं, आणि कोणत्या क्रमाने

पहिला देणगीदार गाव. रोख नसेल, पण रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागते तेव्हा तासभर थांबू देणारा संघ, बंदरातली जागा, होडी ओढायला आठ माणसं, याचं मोल पैशात मांडून ताळेबंदाच्या टिपेत दाखवता येतं. बाहेरचा देणगीदार पहिल्याच भेटीत मच्छीमारांना विचारतो, 'हे लोक इथे काय करतात?' तिथे 'काय की, काहीतरी पाणी मोजतात' असं उत्तर आलं तर तुमचं अर्धं काम वाया गेलं. गावाला उपयोगी पडायची साधी वाट आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन, बहिरी मासा (व्हेल शार्क) असं संरक्षित जनावर अडकलं आणि मच्छीमाराने जाळं कापून सोडलं, तर राज्य सरकारच्या योजनेतून ₹२५,०००पर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी फोटो, अर्ज, कागद लागतात. तो अर्ज भरून द्यायचं काम केंद्राने घ्यावं.

वेळासची कासवं इथे आठवतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२मध्ये तिथे काम सुरू केलं, पुढे कासव महोत्सव झाला, आणि पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाचे पैसे गावातल्या घरांत गेले. भेटीला येणाऱ्यांच्या जेवणाचं उत्पन्न केंद्राने स्वतःकडे ठेवू नये, हे त्यातून घ्यायचं.

दुसरे चाकरमानी. गावाचं मुंबईतलं मंडळ, माहेरवाशिणी, गणपतीला येणारी मंडळी. तिथी योजनेचे पहिले ५० दिवस इथूनच भरतात. पण गणपतीत येणाऱ्याला वेळ नसतो. तेव्हा फक्त दिनदर्शिका दाखवून नाव टिपा, पैसे दिवाळीनंतर मागा.

तिसरे परदेशातले मराठी लोक, आणि इथे पाय घसरतो. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: पत्ता पाहू नका, पासपोर्ट पाहा. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणारा भारतीय नागरिक आपल्या बचतीतून बँकेमार्फत देतो ती विदेशी देणगी नव्हे. मुंबईत राहणारा पण अमेरिकी नागरिकत्व घेतलेला, ओसीआय कार्डवाला मामा देतो ती विदेशी देणगी आहे, मग पैसे रुपयांत आणि इथल्या खात्यातून का येईनात. त्यासाठी एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायद्याखालची) नोंदणी हवी. तिला सर्वसाधारणपणे तीन वर्षांचं अस्तित्व आणि त्या तीन वर्षांत उद्दिष्टांवर ₹१५ लाखांचा खर्च लागतो. पैसे आधी भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि ते पैसे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. नोंदणी नसेल तर परदेशी पत्त्याच्या प्रत्येक देणगीदाराकडून भारतीय पासपोर्टची प्रत आधी घ्या, खाते क्रमांक नंतर द्या. 'पाचच हजार तर आहेत' हे इथे चालत नाही.

चौथ्या कंपन्या. त्यांच्याकडे मोठा पैसा असतो, म्हणून नव्या संस्था तिथेच आधी धावतात आणि वर्ष घालवतात. बाहेरच्या संस्थेला सीएसआर (कंपन्यांनी कायद्याने समाजकार्यावर खर्चायचा पैसा) घ्यायला १२एबी, ८०जी, कंपनी मंत्रालयाकडचा सीएसआर-१ क्रमांक आणि त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. तीन वर्षं व्हायची असतील तर तिथी भरत राहा.

प्रस्तावात शीर्षक कोणतं लावता त्याला फार महत्त्व आहे. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत विज्ञान-संशोधनाची बाब (नववी) आहे, पण ती सरकारी पैशावरचे प्रकल्प, सार्वजनिक विद्यापीठं आणि राष्ट्रीय संस्था यांच्यापुरती. खासगी न्यासाचा प्रस्ताव 'संशोधन' म्हणून गेला की कायदा विभाग तो बाजूला ठेवतो. तुमची जागा चौथ्या बाबीत आहे: पर्यावरण, परिसंस्थेचा समतोल, प्राणी-वनस्पतींचं संरक्षण. खडपावरच्या (किनाऱ्यावरच्या खडकाळ पट्ट्यातल्या) जीवांची दर महिन्याची मोजणी ही संरक्षणाची पहिली पायरीच आहे, तसं सरळ लिहा.

पगाराचा मुद्दा आला की सीएसआर अधिकारी म्हणतो, 'प्रशासनाला पाचच टक्के देता येतात.' ही पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभाराला आहे. प्रकल्प राबवणाऱ्या संशोधकाचा पगार हा प्रकल्पाचा थेट खर्च आहे. २०२१च्या सुधारित नियमांतली ती व्याख्या प्रस्तावाला जोडा, वाद घालत बसू नका.

कंपन्या पुढल्या वर्षाचा आराखडा मार्चच्या आधी ठरवतात, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा. फेब्रुवारीच्या शेवटी 'थोडे पैसे शिल्लक आहेत, यंत्र घ्या आणि ३१ मार्चच्या आत बिल द्या' असा फोन येतो. तेव्हा त्याच बिलात तीन वर्षांचा देखभाल करार आणि सुटे भाग बसवता आले तरच हो म्हणा. प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करून घेतला तर सुरुवातीच्या वर्षाशिवाय आणखी तीन वर्षं मिळू शकतात. मोजमापांच्या कामाला तेच हवं.

शेवटची वाट विद्यापीठांची. इटलीतल्या नेपल्समध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ आंटोन डोर्न यांनी १८७२ साली केंद्र उभारायला घेतलं तेव्हा त्यांनी टेबलं भाड्याने दिली. एखादं विद्यापीठ किंवा सरकार वर्षाचे पैसे भरायचं आणि त्यांचा माणूस येऊन त्या टेबलावर काम करायचा. जोडीला मत्स्यालयाचं तिकीट. कोकणातल्या केंद्रालाही हे जमतं: टेबल, पाण्याची टाकी, राहायची खाट, होडीचा वाटा, असा आठवड्याचा दर लावा. पण ही देणगी नव्हे, सेवेचं शुल्क आहे. तिचं खातं वेगळं, पावती वेगळी, तिच्यावर ८०जी नाही.

पत्र आणि भेट

पत्र एका पानाचं. 'सागरी जैवविविधतेच्या शाश्वत संवर्धनासाठी कटिबद्ध' अशा वाक्याने सुरू झालेलं पत्र दुसऱ्या ओळीपर्यंतही वाचलं जात नाही. त्याऐवजी:

'सप्रेम नमस्कार. आपल्या गावच्या जेटीवर आम्ही रोज सकाळी पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजतो, आणि ऑक्टोबर ते मे आठवड्यातून एकदा होडीने जाऊन नमुने आणतो. हे वर्षभर चालवायला ₹१० लाख लागतात. एका दिवसाचे ₹२,७५१. आपल्या घरातला एखादा दिवस आपण घ्यावा, ही विनंती. त्या दिवसाची नोंद आपल्याला संध्याकाळी पाठवू. मागच्या वर्षाचा तपासलेला जमाखर्च सोबत आहे.'

खाली नाव, सही, फोन. एवढंच. सोबत कासवाच्या पिल्लाला हातात धरलेला फोटो जोडू नका. कासवं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि जाणता देणगीदार तो फोटो पाहूनच बिचकतो. प्रवाळाचा तुकडा भेट म्हणून देणं हा तर गुन्हाच.

भेटीचा दिवस पंचांग पाहून ठरवा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे किनाऱ्यावरच्या पोराला येतं. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीडच्या सुमारास भरती आणि सहा तासांनी, साडेसातला, ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे, पाणी लांबवर ओसरतं. म्हणून द्वितीयेची सकाळ साधा: साडेसहाला खडपावर पोचा, ऊन चढायच्या आत परता. सकाळची आणि संध्याकाळची ओहोटी सारखी खोल नसते, तेवढं भरतीच्या तक्त्यात पाहून घ्या. अष्टमीच्या भांगेला (पाणी फारसं ओसरत नाही तेव्हा) बोलावलंत तर पाहुण्यांना ओला दगड आणि तुमचा उत्साह एवढंच दिसेल.

आठपेक्षा जास्त माणसं नकोत. चपला नकोत, जुने कॅनव्हासचे बूट हवेत, कारण कालवांच्या कडा ब्लेडसारख्या लागतात. उचललेला दगड जसा होता तसाच पालथा ठेवायचा. तोंड समुद्राकडे, पाठ कधीच नाही.

भाषण टाळा, रिफ्रॅक्टोमीटर हातात द्या. आधी ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब टाकून निळी-पांढरी रेघ शून्यावर आणायची (हे विसरलं की दिवसभराचे आकडे चुकतात), काच पुसायची, मग समुद्राचा थेंब. उजेडाकडे धरून बघायला सांगा: रेघ ३५वर उभी असते. पुन्हा पुसा, खाडीच्या वरच्या अंगाचं पाणी टाका, रेघ खाली आलेली. दोन थेंब, दोन आकडे, आणि मधल्या पट्ट्यात कोणती कालवं जगतात हे सांगायला तुम्ही शेजारी. त्यानंतर नाश्ता गावातल्या घरी. पैशाचा विषय त्या दिवशी काढायचा नाही. दोन दिवसांनी फोन करायचा, आणि तेव्हा मात्र रक्कम स्पष्ट सांगायची. 'यथाशक्ती' म्हटलं की ₹५०१ येतात.

नको म्हणायच्या देणग्या

वस्तुरूप देणग्यांत सर्वाधिक येतात ती जुनी सूक्ष्मदर्शकं. घ्या, पण आधी भिंग उजेडाकडे धरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी आहे, आणि किनाऱ्यावर ती शेजारच्या भिंगांवरही पसरेल. चांगलं भिंग पावसाळ्यात टिकवायचं तर बंद कपाटात १५ वॉटचा तारेचा दिवा लावून ठेवावा लागतो. एलईडी चालत नाही, तो पुरेसा तापत नाही. सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं की भाजून परत निळं करायचं. कागद नसलेली होडी तर फुकटही नको. विमा मिळत नाही, आणि अपघात झाला की विश्वस्तांच्या गळ्याशी येतं.

ज्या कंपनीचं बंदर, कारखाना किंवा कोळंबी प्रकल्प तुमच्याच खाडीवर आहे तिचे पैसे घ्यावे का? विश्वस्तांनी हे पैसे समोर येण्याआधी लिहून ठरवावं, आल्यावर कोणाचंच डोकं थंड राहत नाही. घ्यायचेच ठरलं तर करारात दोन वाक्यं हवीत: मोजमापं केंद्राच्या मालकीची, आणि ती प्रसिद्ध करायला देणगीदाराची परवानगी लागणार नाही. यावर समोरचा अडून बसला तर उत्तर तुम्हाला मिळालंच.

नावाच्या पाटीला विरोध नको. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१मध्ये उघडलं, ₹२ लाख देणाऱ्या पारशी दात्याचं नाव त्याला मिळालं, आणि ते नाव शहराच्या तोंडी बसलं. पण खोलीला नाव द्यायचं तर बांधकामाच्या रकमेवर तिच्या दहा वर्षांच्या देखभालीचे पैसे घ्या आणि पाटीची मुदतही दहा वर्षंच ठेवा. पाटी ग्रॅनाइटची, अक्षरं कोरलेली. पितळी अक्षरं खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत हिरवी पडतात, आणि दात्याचा मुलगा नेमका तेव्हाच येतो. किनाऱ्यालगत नवं बांधकाम असेल तर सीआरझेडची (किनारी बांधकामाच्या नियमांखालची) परवानगी हातात येईपर्यंत त्यासाठी एक रुपयाही स्वीकारू नका.

दुसरं वर्ष

पैसे आल्याच्या दिवशी पावती, दोन दिवसांत आभाराचा फोन, तिथीच्या संध्याकाळी नोंदीचं पान, जूनमध्ये होडी वर ओढली की वर्षाचा चार पानी अहवाल. अहवालात बिघाडही लिहा: कोणता प्रोब कधी गेला, त्यामुळे किती आठवड्यांची मापं नाहीत, नवा कशातून घेतला. जमाखर्चाचं पान गोषवारा करून नको, तपासलेलं जसंच्या तसं.

नूतनीकरणाचा फोन तिथीच्या १५ दिवस आधी, संध्याकाळी सात ते आठ. फोनवर मागच्या वर्षीची त्या दिवसाची ओळ वाचून दाखवा, 'पाणी साडेसव्वीस होतं', मग विचारा. काही जण नाही म्हणतील. त्यांचं नाव खोडू नका. पुढची तिथी आली की त्या दिवसाचं पान आणखी एक वर्ष पाठवा, खाली खाते क्रमांक न लिहिता.